फोन दम घेतो

खडकवाडी, पो. राजूर
१५ जुलै २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

तुमचं पाकीट गहिनीनाथच्या दुधाच्या टेम्पोतून परवा पोचलं. पाकीट दुधाने चिकट झालं होतं, आतलं मेमरी कार्ड मात्र कोरडं. कळवायला म्हणून टाकीच्या चढावर जाऊन फोन लावला. तुमचं ‘कोण, कोण बोलतंय’ तेवढं ऐकू आलं आणि रेंज गेली. पावसाळ्यात इथे असंच. म्हणून लिहायला बसले. तुम्हालाही पत्रच जास्त आवडतं, हे आईने सांगितलंय.

विहारात पौर्णिमेपासून वर्षावासाचं वाचन सुरू झालं. ग्रंथ वाचून झाला की आमच्या बचत गटाच्या बायका थोडा वेळ थांबतात. त्या वेळात यंदा कार्डातलं तुमचं ‘घरचं धान्य, घरचं बियाणं’ हे पुस्तक लावायचं ठरवलंय. पण मामा, पुस्तक कुणाच्याच फोनवर धड उघडत नाही. माझ्या फोनवर ते वाचायचं ॲप उतरतच नाही. ‘आपल्या फोनला हे चालणार नाही’ असं येतं आणि बंद होतं. भागूबाईंच्या फोनवर ॲप उतरलं, पण पुस्तकातली जोडाक्षरं सगळी फुटली. अर्धं अक्षर एकीकडे, अर्धं दुसरीकडे, मध्ये ठिपक्यांची वर्तुळं. रतनबाईंच्या फोनवर तर प्रत्येक ओळ उजवीकडे कापलेली. आमच्या सासूबाई, म्हणजे केशरबाई, सगळं बघून म्हणाल्या, “तुज्या मामाचं पुस्तक लई भारी असंल, पन फोनाला पचंना.”

हसायचं सोडा, पण मला घाई आहे. गटाचं राखीव बियाणं यंदा आमच्याकडे आहे. डोंगरातलं जुनं भात, वरई, घेवडा, सगळं मधल्या खोलीतल्या कणगीत. त्याला सोंडे लागलेत. कणगीशी कान लावला तर बारीक करकर ऐकू येते. ते बियाणं गेलं तर पुन्हा कुठून आणायचं? बाजारात ते मिळत नाही. अख्ख्या वाडीने विश्वासाने आमच्या घरात ठेवलंय.

काहीतरी तोड काढा. योगेश आणि निकिता मजेत. निकिता चार वर्षांची झाली, आजीची पाठ सोडत नाही.

तुमची,
दीपा

---

नागापूर
२१ जुलै २०२५

चि. दीपास,
मामाचा जयभीम आणि आशीर्वाद.

केशरबाईंना सांग, पुस्तक पचायला हलकं करून पाठवतोय.

दोष पुस्तकाचा नाही आणि तुमच्या फोनचाही नाही. ॲप करणारे लोक बसतात एसीत, हातात यंदाचा फोन. त्यांना वाटतं जगात सगळ्यांकडे तोच. दर महिन्याला ॲप सुधारतात आणि दर महिन्याला शे-दोनशे गावं त्यातून गळतात. मी नागापूरच्या एमआयडीसीच्या गेटवर पेपर विकत होतो, मग झेरॉक्स टाकली, मग छापखाना, आता ही मोबाईलची पुस्तकं. चार धंदे केले आणि चारही वेळा एकच गोष्ट शिकलो, की गिऱ्हाइकाच्या हातात जे आहे त्याच्यावर माल चालला पाहिजे.

या पत्रासोबतच्या नव्या कार्डात ॲपचा जुना अवतार टाकलाय. आधीचा काढून टाक आणि हा बसव. कुठल्याही फोनवर चालतो. जोडाक्षरं फुटण्याचा उपाय मी पुस्तक करतानाच करून ठेवलेला आहे. सगळे मथळे, आणि जिथे जिवाला धोका आहे अशा सगळ्या सूचना, मी लाल चौकटीत टाइप करून त्यांचं चित्र केलं आणि चित्रच पुस्तकात बसवलं. बाकीची अक्षरं फुटली तर फुटली, महत्त्वाचं तेवढं कुठल्याच फोनवर फुटता कामा नये. चित्राची जोडाक्षरं फुटत नाहीत. ही युक्ती माझी. आमच्याकडच्या शिकलेल्या पोरांना सुचली नव्हती.

आणखी एक. या जुन्या ॲपला वाचून दाखवता येतं. कोपऱ्यात कर्ण्याची खूण आहे, ती दाब. बाई बोलते, जरा नाकात बोलते, पण स्पष्ट. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही ऐकता येईल. एक वाचायला आणि सगळ्या ऐकायला, तुमच्या वर्षावासासारखंच.

मजकूर निवृत्त कृषी अधिकाऱ्याने लिहून दिलेला आहे, तेव्हा बिनधास्त राहा. बियाणं वाचेल.

तुझा,
भीमराजमामा

---

खडकवाडी
३० जुलै २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

चाललं. सगळ्यांच्या फोनवर चाललं. भागूबाईंनी तुमच्या नावाने विहारात साखर वाटली.

विहाराच्या पत्र्यावर पाऊस वाजतो, फोनचा आवाज पुरत नाही. म्हणून रतनबाईंनी युक्ती केली. पितळी हंडा मध्ये ठेवायचा आणि फोन त्यात उभा करायचा. काय घुमतो म्हणून सांगू. कर्ण्याची खूण दाबली की स्क्रीन काळी होते, फोन हंड्यात आणि आम्ही भोवती. केशरबाई डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून बसतात. मी म्हटलं, “आई, हा काही ग्रंथ न्हाई.” तर म्हणाल्या, “वाचन ते वाचन. विहारात बसून ऐकलं म्हंजी पाळायचं.”

वाचनाचा आमचा नेम तुम्हाला माहीत आहे. काल जिथे थांबलो तिथून आज पुढे. मध्ये बोलायचं नाही, मागे जायचं नाही. कणगी शेणामातीने कशी लिंपायची, कडुलिंबाचा पाला कसा वाळवायचा, राख किती चाळून घालायची, इथपर्यंत आलोय. बायका घरी जाऊन लगेच तसं करून बघतात.

एक गंमत. बाई बोलता बोलता मध्येच गप्प होते. एक आवंढा गिळावा इतका वेळ. मग पुढे सुरू. पोरं हसतात. भागूबाई म्हणतात, “हसू नगा रं. फोन दम घेतो. एवढं वाचायचं म्हंजी काय खायचं काम हाय?”

पुस्तक आता फोनातून फोनात चाललंय. नेट लागत नाही, जवळ धरलं की जातं. रतनबाईंची कोपरगावला दिलेली लेक माहेरी आली होती, तिच्या फोनातही टाकलं. तुमचं नाव होतंय, मामा.

सोंडे मात्र कमी झालेले नाहीत. पाला घातला, राख घातली, करकर चालूच आहे. पुढच्या भागात काय सांगतात त्याची वाट बघतेय.

तुमची,
दीपा

---

नागापूर
८ ऑगस्ट २०२५

चि. दीपास,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. कारण ऐकून खूश होशील. तुझ्या पत्रातला हंड्याचा किस्सा मी एका संस्थेच्या साहेबांना वाचून दाखवला. त्यांना एवढा आवडला, की त्यांनी आपलं पुस्तक त्यांच्या सगळ्या गावांसाठी घेतलं. जुन्या ॲपसकट, वाचून दाखवण्यासकट. आठवडाभर आमच्याकडे सगळे कार्डंच भरत बसलेत. कार्डाच्या पाकिटावर हंड्याचं चित्र काढून घेतलं. ‘लावा आणि ऐका’ असं खाली लिहिलं.

फोन दम घेतो हे वाचून मीही हसलो. जुने फोन संथ असतात, पान उलटायला वेळ लागत असेल, असं स्वतःला सांगितलं. पण खरं सांगू का, ते मनातून जाईना. माझे कान तुला माहीत आहेत. छापखान्यात मी पाठमोरा बसून सांगायचो, की तीन नंबरचा पट्टा सैल झालाय. मशीन उगीच थांबत नाही. थांबली म्हणजे तिला तिथे काहीतरी लागलेलं असतं. बाई पान संपल्यावर गप्प झाली तर ठीक. पान चालू असताना गप्प होत असेल तर का?

एवढं काम कर. पुढच्या वाचनाला कागद घेऊन बस. बाई गप्प होण्याआधी शेवटचं काय म्हणाली आणि गप्प झाल्यावर पहिलं काय म्हणाली, जसंच्या तसं लिहून पाठव. घाई नाही, सावकाश पाठव. उगाच आपली माझी खोड.

निकितासाठी रंगपेटी पाठवतोय.

तुझा,
मामा

---

खडकवाडी
१४ ऑगस्ट २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

रंगपेटी मिळाली. निकिताने पहिल्याच दिवशी आजीचं पांढरं लुगडं रंगवलं.

तुम्ही सांगितलं तसं लिहून घेतलं. बरं झालं नेमकं परवाच घेतलं, कारण आमच्या सोंड्यांचा उपाय त्यातच निघाला. बाईचे शब्द जसेच्या तसे देते:

“... याप्रमाणे पाला व राख घालून कणगीचे तोंड शेणामातीने लिंपून घ्यावे.”

इथे दम घेतला. मग:

“पावसाळ्यात कीड फार वाढल्यास गोळ्या वापराव्यात. गोळ्या कापडात बांधून धान्यात ठेवाव्यात. तोंड हवाबंद करावे. दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. मुदत संपेपर्यंत राखण ठेवावी. राखणदाराने जागा सोडू नये.”

इथे पुन्हा दम घेतला, हा जरा मोठा. मग:

“मुदत संपल्यावर तोंड उघडून धान्यास वारा द्यावा.”

झालं. कसल्या गोळ्या ते रतनबाईंनी सांगितलं, कोपरगावला लेकीच्या दिराने गोदामात वापरलेल्या त्यांनी बघितल्यात. योगेश काल बाजाराला गेले होते, एकाने कागदात बांधून दिल्या. पावती मागितली तर म्हणाला, “पावती खानार का पिनार?” योगेशना जरा शंका आली. मला म्हणाले, “या गोळ्या घरात चालत्यात का?” मी म्हटलं, मामांच्या पुस्तकात आहे, कृषी अधिकाऱ्याने लिहिलेलं आहे. मग त्यांनी पुडी फळीवर ठेवली.

रविवारच्या वाचनानंतर ठेवायच्या असं ठरलंय. मधली खोली आमची उबदार, खिडकी एकच. केशरबाई आणि निकिता पावसाळाभर तिथेच झोपतात. राखणीला कोण, असा प्रश्न निघाला, तर केशरबाई म्हणाल्या, “मी हाय की. बियानं समद्या वाडीचं हाय. मी तिथून हलनार न्हाई.” निकिता म्हणते मीपण राखण.

मशीन कुठे अडते ते कळलं का? कळवा.

तुमची,
दीपा

---

राजूर
१८ ऑगस्ट २०२५, संध्याकाळ

दीपा,

हे वाचत असशील तशी ऊठ. आईंना आणि निकिताला त्या खोलीतून बाहेर काढ. ओट्यावर नाही, अंगणात नाही, थेट विहारात ने. कणगी उघडायची नाही. तुझ्यासकट कुणीही पुन्हा आत जायचं नाही. शेजारच्या घरांनाही उठव. कुणाला मळमळत असलं, डोकं धरलं असलं, छाती दडपली असली, तर विचार करत बसू नका, दवाखान्यात आणा. हे करून ये आणि मग पुढचं वाच.

तुझं चौदा तारखेचं पत्र आज दुपारी हातात पडलं. बाई जिथे गप्प झाली तिथे चित्रं आहेत. माझी चित्रं. ती बोलणारी बाई अक्षरं वाचते, चित्र वाचत नाही. चित्र आलं की थांबते आणि ओलांडून पुढे जाते.

पहिल्या जागी मथळा आहे: ‘भाग दुसरा. सोसायटीच्या गोदामासाठी’. कणगीचा भाग तिथे संपतो. तुम्हाला तो संपलेला ऐकूच आला नाही.

दुसऱ्या जागी लाल चौकट आहे. तिच्यात लिहिलंय: ‘या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने माणूस मरतो. फक्त रिकाम्या, कुलूपबंद गोदामात, परवानाधारकाच्या हातूनच. राखणदाराने गोदामाच्या बाहेर, लांब उभे राहावे.’

पत्र वाचलं तसा निघालो. तुझा फोन लागत नाही, योगेशचा लागत नाही, गावातला एकही लागत नाही. गाडी काढून इथपर्यंत आलो तर पुढे दरड आलीय. माझा गुडघा बदललेला, मला त्या चिखलातून चढता येत नाही. गहिनीनाथ शेताच्या वाटेने पायी निघतोय. तोंडी सांगितलेलं वाटेत बदलेल म्हणून त्याच्या टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून हे लिहून देतोय.

मी इथेच थांबलोय.

मामा

---

खडकवाडी
२८ ऑगस्ट २०२५

मामा,
जयभीम.

दवाखान्यात तुम्ही होतात, नंतर अंत्यविधीलाही होतात, पण आपलं बोलणं झालं नाही. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात. म्हणून घरात काय झालं ते लिहिते. तुम्हाला ते माहीत असायला हवं.

रविवारी गोळ्या ठेवल्या. केशरबाईंनी कणगीच्या तोंडाला स्वतः शेणकाला लावला, गोधडी अंथरली आणि पाठ टेकून बसल्या. निकिताला म्हणाल्या, “राखनीत पोरींचं काम न्हाई, आईपाशी झोप जा.” त्यामुळे निकिता आमच्याकडे होती. आजीला चहा द्यायला म्हणून ती दिवसभर आत-बाहेर करत राहिली.

सोमवारी सकाळी घरात लसणासारखा वास होता. मी लसूण कुठे सांडलाय का बघितलं. दुपारी केशरबाईंना उलट्या सुरू झाल्या. मी म्हटलं, आई, बाहेर येऊन पडा. म्हणाल्या, “राखनदारानं जागा सोडू न्हाई. इहारात ऐकलंय मी.” मी आल्याचा काढा करून आत नेऊन दिला आणि दार ओढून घेतलं. पुस्तकात दारं बंद ठेवायला सांगितलं होतं. मी ओढून घेतलं, मामा.

रात्रभर चिखलातून वाट काढत मंगळवारी उजाडता उजाडता गहिनीनाथ आला. तुमच्या पत्राची पहिली ओळ वाचून मी धावले. केशरबाई कणगीला टेकून बसलेल्याच होत्या. बोलत होत्या, पण काय ते कळत नव्हतं. निकितालाही पहाटे उलट्या सुरू झाल्या होत्या. चादरींच्या झोळ्या करून पुरुषांनी दोघींना उचललं. दरडीच्या अलीकडेच केशरबाई गेल्या. निकिताला दवाखान्यात पाचव्या दिवशी उभं राहता आलं. अजून चालताना भिंत धरते.

आता खरं काय ते लिहिते. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या घरात ठेवायला कुणी सांगितलं. योगेश म्हणाले, “मीच आणल्या.” पोलिसांनी विचारलं, तेव्हाही तेच म्हणाले. तुम्ही त्यांच्या शेजारी बाकावर बसला होतात. तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, धक्क्यात आहेत, नंतर सांगतील.

तुमचं राजूरचं पत्र योगेशना अजून मी दाखवलेलं नाही. ते जेवत नाहीत. ‘मी आईला बाजारातून इख आनून दिलं’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणतात. ‘मला शंका आली होती’ हेही म्हणतात. ही गोष्ट तुम्ही स्वतः येऊन त्यांना सांगा. मी सांगितली तर त्यांना वाटेल, बायको समजूत घालतेय.

आणि ती कार्डं. संस्थेने गावोगाव दिलेली. ती परत मागवलीत ना? तुमच्या पत्रात, दवाखान्यात, कुठेच त्यांचा विषय निघाला नाही, म्हणून विचारते. तिथेही पाऊस आहे, तिथेही सोंडे असतील.

दीपा

---

नागापूर
२ सप्टेंबर २०२५

चि. दीपास,
मामाचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. केशरबाई माझ्या बहिणीसारख्या. त्यांच्या जाण्याचं दुःख तुला आहे तितकंच मला आहे, हे मनात पक्कं ठेव. निकिताची काळजी करू नकोस. तिच्या दवापाण्यापासून शिक्षणापर्यंत सगळं माझ्याकडे लागलं.

आता शांत डोक्याने ऐक. मी आयुष्यात पुष्कळ बरं-वाईट पाहिलंय, म्हणून तुला चार गोष्टी सांगायचा हक्क आहे.

जे झालं ते ऐकण्यातून झालं. पुस्तकात लाल चौकट आहे. फोन हंड्यात न ठेवता समोर धरला असता तर ती दिसली असती. मी तुम्हाला दोष देत नाही, पण कोर्ट देईल. मग योगेशचं नाव येईल, त्या गोळ्या बिनपावतीच्या, हा मुद्दा येईल, तुझं दार ओढून घेणं येईल. तुला हे हवंय का?

कार्डांचं मी बघतोय. मजकूर दुरुस्त केला, चौकट आता बोलते. मी स्वतः कान लावून ऐकली. नवीन कार्डं दिवाळीनंतर जातील. ‘नवे पाठ जोडलेत’ म्हणून सांगायचं आणि जुनी गोळा करायची, म्हणजे गवगवा नाही. आज मागवायला गेलो तर का, असं विचारतील. संस्था हात वर करेल. छापखान्यात माझ्या जिवावर चौदा घरं जेवतात, उद्या त्यांना काय सांगू? आणि सगळीकडे काही हंडा मांडून ऐकत नाहीत. बहुतेक लोक वाचतात. बहुतेक तर उघडतसुद्धा नाहीत, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

योगेश तरुण आहे, विसरेल. त्याच्या मनात आहे ते तसंच राहू दे. त्याला आज दुसरं काही सांगितलं तर तो तिरीमिरीत काहीतरी करून बसेल. थोडे दिवस जाऊ देत.

राजूरहून घाईत लिहिलेलं माझं ते पत्र तुझ्याकडे असेल. त्यात मी भावनेच्या भरात पुष्कळ काही लिहून गेलोय. ते आणि हे, दोन्ही चुलीत घाल. चुलीत घातलंस एवढं एका ओळीने कळव, म्हणजे मला झोप लागेल.

तुझा,
मामा

---

खडकवाडी
८ सप्टेंबर २०२५

मामा,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. वाचल्यावर मी ते पुन्हा पाकिटात घातलं आणि दिवसभर शेणकुटं रचत बसले. तुम्ही मला गाण्यांची पहिली कॅसेट दिली होती, शाळेची फी भरली होती, लग्नात माझ्या बाजूने उभे राहिला होतात. सगळं आठवून झालं.

काल पौर्णिमा होती. विहार भरला होता. ग्रंथवाचन झालं, बायका थांबल्या. भागूबाईंनी सवयीने हंडा आणून ठेवला. मी उभी राहिले आणि तुमची दोन्ही पत्रं वाचली. आधी राजूरचं, मग हे शनिवारी आलेलं. सावकाश वाचलं. ‘योगेश तरुण आहे, विसरेल’ हेही वाचलं, आणि माझं दार ओढून घेणंही वाचलं. योगेश पुरुषांच्या बाजूला भिंतीशी बसले होते.

वाचून झाल्यावर पहिल्यांदा रतनबाई बोलल्या. “म्हंजी फोन गप बसला, तवा हे सांगत हुता व्हय.” मग भागूबाईंनी विचारलं, “आन् बाकीच्या गावात? तिथं कोन गेलंय का सांगाया?” रतनबाई आज पहाटे कोपरगावला निघाल्या. लेकीच्या फोनातून ते पुस्तक पुढे कुणाकुणाकडे गेलं ते घरोघर विचारत फिरणार आहेत. तिकडे घरातच ज्वारीच्या पोत्यांशेजारी माणसं झोपतात.

बाकीच्या आम्ही गुरुवारी नागापूरला येतोय. मुक्कामाच्या तयारीने येतोय. कार्डं कुठल्या कुठल्या गावांना गेली, ते तुम्ही आमच्यासमोर बसून एकेक नाव घेऊन सांगायचं, आणि आमच्यासमोरच त्या त्या गावाला फोन लावायचा. जिथे लागणार नाही तिथे आम्ही जाऊ. तुम्हालाही यावं लागेल. आम्ही सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पुस्तकावर नाव तुमचं आहे.

काही गावांत पोचायला उशीर झालेला असेल, याचा विचार मी करत नाही. तुम्ही करा.

योगेशही आमच्याबरोबर येताहेत. काल वाचन संपल्यावर त्यांनी माझ्याकडून दोन्ही पत्रं मागून घेतली, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. आज सकाळी जेवले.

दीपा